गिऱ्हाईक न मिळालेली होडी

सन 1967. इंग्लंडमध्ये एका माणसाला आपली शिडाची होडी विकायची होती. लांबी बत्तीस फूट, डोलकाठ्या दोन, लाकूड सागवान, पाण्यात उतरून तीनही वर्षं झालेली नव्हती. बांधणी मुंबईची, नाव ‘सुहैली’. मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, वय अठ्ठावीस, ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचा अधिकारी.

त्याच वर्षी मे महिन्यात फ्रान्सिस चिचेस्टर हा वयस्कर इंग्रज ‘जिप्सी मॉथ 4’ या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून परतला होता. वाटेत तो एकदाच, सिडनीला थांबला होता. आता कुठेही न थांबता फेरी मारणं एवढंच उरलं होतं. फ्रेंच दर्यावर्दी एरिक ताबार्ली नवी होडी बांधतो आहे, हे नॉक्स-जॉन्स्टनच्या वडिलांनी न्याहारी करताना सहज बोलून दाखवलं आणि मुलाच्या डोक्यात किडा शिरला. तो मान फ्रेंचांना जाऊ द्यायचा नाही, आपणच जायचं. मात्र ‘सुहैली’ घेऊन नव्हे. त्याला हवी होती पोलादाची, लांबलचक, वेगवान होडी. कॉलिन मुडी या नामांकित आराखडाकाराकडून त्याने त्रेपन्न फुटी होडीचं रेखाटनही करून घेतलं. पैशांसाठी बेत साधा होता. जुनी विकायची, उरलेल्या रकमेसाठी कुणी पुरस्कर्ता गाठायचा.

यातलं काहीच जमलं नाही. पुरस्कर्ता मिळेना, ‘सुहैली’ही खपेना. शेवटी दावणीला आहे त्याच बैलावर पेरणी करायची, अशी वेळ आली.

या होडीची गोष्ट वेळापुरात बसून वाचणाऱ्याला जरा लांबची वाटेल. माळशिरस तालुक्यातलं हे गाव, अर्धनारीनटेश्वराचं यादवकालीन देऊळ, ज्ञानोबांच्या पालखीचा मुक्काम, भोवती ऊस. समुद्र सरळ रेषेत मोजला तरी दोनशे किलोमीटर पश्चिमेला. गंमत म्हणजे संस्कृतात ‘वेला’ म्हणजे समुद्राचा काठ, भरतीची सीमा. गावाच्या नावाचा त्याच्याशी संबंध जोडण्याचं कारण नाही, पण योगायोग गोड आहे. दुसरा योगायोग त्याहून ठोस. याच पालखीमार्गावर, वेळापूरच्या अलीकडे चार मुक्कामांवर फलटण लागतं. फलटणजवळच्या विंचुर्णी गावात निवृत्तीनंतर राहिलेल्या एका आरमारी अधिकाऱ्याने भारतीयांना शिडाच्या होडीतून पृथ्वीभोवती पाठवण्याचा ध्यास घेतला. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी. 1971च्या युद्धात ‘आयएनएस कमोर्ता’चं नेतृत्व करून वीरचक्र मिळवलेला हा माणूस 2018च्या नोव्हेंबरात विंचुर्णीतच वारला. त्याच्या ध्यासाचा धागा पुढे ‘सुहैली’पर्यंत जातो. आधी होडीचं बघू.

‘सुहैल’ हे अरबांनी अगस्तीच्या ताऱ्याला दिलेलं नाव. दक्षिणेच्या आकाशातला हा ठळक तारा. समुद्र पिऊन टाकणारा म्हणून आपल्याकडे ज्या ऋषीची कथा सांगतात, त्याच्याच नावाचा. त्या दिशेकडून येणाऱ्या आखातातल्या वाऱ्याला अरब खलाशी ‘सुहैली’ म्हणतात. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवर मुंबई आणि इराणच्या आखाताच्या फेऱ्या मारणाऱ्या तरुण अधिकाऱ्याला हे नाव सुचावं, यात नवल नाही.

होडी बांधायला घेतली 1963मध्ये, मुंबईत कुलाब्याला. आराखड्याची कथा अगदी आपल्या सरकारी कचेरीतल्या टपालासारखी: मागवला एक, हाती पडला दुसराच. आलेला आराखडा होता विल्यम ॲटकिन या अमेरिकी आराखडाकाराने 1920च्या दशकात केलेला, ‘एरिक’ नावाचा. त्याचं मूळ आणखी मागे, नॉर्वेत. तिथल्या वादळी किनाऱ्यावर संकटात सापडलेल्या कोळ्यांना सोडवून आणण्यासाठी कॉलिन आर्चर याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्या होड्या बांधल्या, त्यांचा हा वंश. दोन्ही टोकं निमुळती, पोट भरलेलं, वजन भरपूर. 1963मध्येसुद्धा हा प्रकार जुनाट गणला जात होता. पण परत पत्रव्यवहार करण्याइतका वेळ नव्हता. आलेल्या कागदावरून सुतारांनी काम सुरू केलं.

हे सुतार यंत्रांवर काम करणारे नव्हते. वाकसाने फळी तासायची, दोरीच्या सामत्याने भोकं पाडायची. इंग्लंडमध्ये तेव्हा अशी कामं संग्रहालयात दाखवण्याजोगी झाली होती, मुंबईत ती रोजंदारीवर चालू होती. आणि मुंबईच्या सागवानी कामाला तालेवार पूर्वज होते. लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईला आले ते 1736 साली. त्यांच्या घराण्याने पुढे दीडेकशे वर्षं मुंबईच्या गोदीत इंग्रजांसाठी जहाजं बांधली. त्यातलं 1817मध्ये पाण्यात सोडलेलं ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरात तरंगतं आहे. ओकची जहाजं कुजून गेली, मलबारचं सागवान टिकलं. सागात तेल असतं. पाणी मुरत नाही, किडा सहज लागत नाही, उन्हापावसात फळी वेडीवाकडी होत नाही.

डिसेंबर 1964मध्ये ‘सुहैली’ पाण्यात उतरली, तीही नारळ फोडून. पुढच्या डिसेंबरात ती मुंबईहून निघाली. आखात, आफ्रिकेचा पूर्व किनारा, मग दक्षिण आफ्रिका. तिथे खिसा रिकामा झाला म्हणून मालक नि त्याचे दोन सोबती काही महिने नोकऱ्या करत राहिले. शेवटी केपटाउनहून इंग्लंडपर्यंत न थांबता मजल मारून 1967मध्ये ती घरी पोचली. जाहिरातीत लिहायचं तर ‘एकहाती वापरलेली, दोन महासागर पाहिलेली’. तरी गिऱ्हाईक नाही.

का नसेल? याचं उत्तर शोधायचं तर जुन्या होड्यांच्या बाजारात एक चक्कर मारायला हवी.

महासागर ओलांडण्याजोग्या होडीला जगभरच्या दलालांच्या भाषेत ‘ब्लूवॉटर’ म्हणतात. किनाऱ्याजवळचं पाणी हिरवट, गढूळ. खोल दर्यातलं निळं. रविवारी चार मित्रांना घेऊन बंदराबाहेर फेरी मारायची होडी वेगळी, आणि जिला मदतीला येऊ शकणारं जहाज आठवडाभराच्या अंतरावर आहे ती होडी वेगळी. अशी जुनी होडी विकायला निघाली, की जाहिरातीत एक लांबलचक यादी असते. सौर पाट्या, वाऱ्यावर फिरणारं विजेचं जनित्र, खाऱ्या पाण्याचं गोडं करणारं यंत्र, रडार, उपग्रह फोन, स्वयंचलित सुकाणू, गुंडाळता येणारी शिडं, नवा नांगर, सत्तर-ऐंशी मीटर साखळी, फुगवायचा जीवरक्षक तराफा, फ्रीज, दोन गॅसच्या शेगड्यांची झुलती चूल. होडी कलली तरी भांडं सरळ राहावं म्हणून ती चूल बिजागऱ्यांवर टांगलेली असते, ही त्या यादीतली खरोखर कामाची गोष्ट. यादी वाचून माणूस हरखतो. विकणाऱ्याचा हेतूही तोच असतो.

वेळापूरच्या शेजारी अकलूजला घोड्यांचा बाजार भरतो. तिथे आलेला जाणता माणूस झूल आणि गोंडे बघत नाही. तो ओठ उचलून दात बघतो, खूर उचलून बघतो, मग म्हणतो, ‘जरा चालवून दाखवा.’ जुनी होडी घेणारा जाणताही हेच करतो. त्याला आधी त्या यादीशी देणंघेणं नसतं. तो होडी पाण्याबाहेर काढायला लावतो.

पाण्याबाहेर काढलेल्या होडीभोवती सर्वेक्षक हातोडी घेऊन फिरतो. प्लास्टिकचं टोक असलेली छोटी हातोडी. टक टक करत तो वीतभर अंतराने ठोकत जातो आणि कान देतो. कुंभाराकडे मडकं घेताना आपण बोटाची टिचकी मारतो, तेच तंत्र. खणखणीत आवाज आला तर फायबरचे थर एकमेकांना घट्ट आहेत. बद्द आला तर आत थर सुटलेत, किंवा डेकच्या दोन कातड्यांमधलं हलकं लाकूड पाणी पिऊन कुजलंय. फायबरच्या अंगावर वरून चकचकीत लेप असतो. वर्षानुवर्षं पाण्यात राहून त्यातून थोडं थोडं पाणी आत झिरपतं, आतल्या रसायनांत मिसळतं आणि पृष्ठभागावर फोड उठतात. फोड फोडला तर आंबूस, शिरक्यासारखा वास येतो. दोन-चार फोड म्हणजे होडी गेली असं नव्हे. सगळं अंग देवीच्या व्रणांसारखं झालं असेल, तर तो लेप खरवडून, होडी महिनोन्महिने सुकवून नवा चढवण्याचा खर्च कधी कधी होडीच्या किमतीशी स्पर्धा करतो.

मग तळ. कोकणातले होडी बांधणारे तळाच्या कण्याला पठाण म्हणतात. जुन्या प्रकारात हा पठाण नाळेपासून सुकाणूपर्यंत सलग जातो आणि सुकाणू त्याच्याच पाठीला लागून असतं. नव्या होड्यांत सलग पठाण जाऊन खाली नुसता एक खोल पंखा आला. होडी हलकी झाली, वेग वाढला, वळणं चपळ झाली. पण तो टनावारी वजनाचा पंखा होडीच्या पोटाला बोल्टांनी जोडलेला असतो. कधी जमिनीला घासला असेल, दुरुस्ती वरवरची झाली असेल, तर जोड आतून सैल होतो आणि बाहेरून काही दिसत नाही. मे 2014मध्ये ‘चीकी राफिकी’ ही होडी अटलांटिक ओलांडून इंग्लंडकडे परतत होती. तिचा पंखा सुटला, होडी उलटली, चौघे खलाशी परतले नाहीत. म्हणून सर्वेक्षक पंख्याच्या सांध्यावरची केसाएवढी चीरसुद्धा नखाने तपासतो.

डोलकाठीला चारी बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा हा तिसरा खूर. स्टेनलेसच्या तारा दिसतात चकचकीत. त्या जिथे खालच्या खोबणीत दाबून बसवलेल्या असतात, तिथे खारं पाणी साचून आतून गंजतात आणि एक दिवस आवाज न करता तुटतात. दहा-पंधरा वर्षं झाली की तारा सगळ्याच्या सगळ्या बदलायच्या, असा खोल दर्यात जाणाऱ्यांचा संकेत आहे. विमा कंपन्याही त्याबाबत विचारतात. जाहिरातीत ‘तारा नव्या’ असेल तर पावती मागावी. ‘तारा उत्तम’ असेल तर समजून जावं.

इतकं बघून झालं की मग यादीकडे वळायचं. पंधरा वर्षांपूर्वीचं रडार म्हणजे पंधरा वर्षांपूर्वीचा मोबाइल. जीवरक्षक तराफ्याची तपासणी दर काही वर्षांनी अधिकृत ठिकाणी झालेली असावी लागते, नाहीतर तो पेटीत घडी घातलेला रबर. विक्रेत्याने या सामानावर ओतलेले पैसे किमतीत परत येत नाहीत, हे त्यालाही माहीत असतं. तरी तो यादी लांबवतो, कारण गिऱ्हाईक बहुतेक वेळा यादीवर भाळतं.

‘सुहैली’कडे दाखवायला अशी यादी नव्हतीच. वर ती हळू, जाडजूड आणि जुन्या घाटणीची. ज्या वर्षी सगळ्यांच्या तोंडी हलक्या, वेगवान होड्यांचं नाव होतं, त्या वर्षी नॉर्वेच्या कोळ्यांची नात कोण घेणार?

मार्च 1968मध्ये लंडनच्या ‘संडे टाइम्स’ने न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या पहिल्या माणसासाठी ‘गोल्डन ग्लोब’ हा करंडक आणि सर्वांत जलद फेरीसाठी पाच हजार पौंड जाहीर केले. 14 जून रोजी नॉक्स-जॉन्स्टन फॅलमथहून निघाला. त्या वर्षी एकूण नऊ जण निघाले.

पुढचे दहा महिने म्हणजे होडीवरच्या सामानाची यादी एकेक ओळ करून खोडली जाण्याची कथा आहे. पहिल्या महिन्यातच तळाच्या फळ्यांच्या सांध्यातून पाणी येऊ लागलं. वारा पडलेला असताना तो पाण्यात उतरला, बुडी मारून सांध्यात कापूस कोंबला. आपल्याकडच्या भाषेत कलफत केली, फक्त श्वास रोखून आणि समुद्राच्या मधोमध. कापूस टिकावा म्हणून वरून कॅनव्हास आणि त्यावर तांब्याची पट्टी ठोकली. ती पट्टी रेडिओ बसवणाऱ्या कारागिरांनी होडीवर मागे ठेवलेली उरलीसुरली. काम चालू असताना एक शार्क घिरट्या घालू लागला, तो त्याने वर येऊन बंदुकीने मारला आणि पुन्हा पाण्यात गेला. तो रेडिओ पुढे बंद पडला. पट्टी मात्र कामी आली.

सप्टेंबरात केप ऑफ गुड होपच्या पलीकडे एका लाटेने होडी आडवी केली. केबिनचा सांगाडा मुळापासून हलला. टाकीतलं पिण्याचं पाणी नासल्याचं लक्षात आलं. तेव्हापासून शिडावरून ओघळणारं पावसाचं पाणी बादलीत धरायचं आणि साठवायचं. ऑस्ट्रेलियाच्या जवळ पोचेपर्यंत वाऱ्यावर चालणारं स्वयंचलित सुकाणूही कायमचं मोडलं. या यंत्राला वीज लागत नाही. वर एक पातळ पातं वाऱ्याची दिशा धरून उभं असतं. होडी वाट सोडून वळली की पातं कलतं. ते कलणं पाण्यातल्या एका छोट्या वल्ह्याला फिरवतं, आणि वाहत्या पाण्याचा जोर सुकाणू जागेवर आणतो. एकट्या माणसासाठी हा दुसरा माणूसच. तो गेला, आणि अर्धी पृथ्वी बाकी होती.

इथे त्या जुनाट घाटाने हात दिला. सलग पठाण असलेली जड होडी एका दिशेला लागली की सहजासहजी वळत नाही. तिची शिडं नीट तोलून बांधली आणि सुकाणूचा दांडा दोरीने जखडला, तर ती तासन् तास आपली आपण चालते. आधुनिक होडी चपळ असते, म्हणजेच तिला सतत धरून ठेवावं लागतं. नॉक्स-जॉन्स्टन झोपायचा तेव्हा होडी चालत असायची.

न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर नोव्हेंबरात लोकांनी त्याला पाहिलं. त्यानंतर साडेचार महिने काहीच नाही. रेडिओ मुका, त्यामुळे घरच्यांनी काय समजायचं ते समजावं. 6 एप्रिल 1969 रोजी अझोर्सजवळ एका तेलवाहू जहाजाला दिव्याच्या इशाऱ्यांनी त्याने आपली खबर दिली. 22 एप्रिलला तो फॅलमथला परत आला. 312 दिवस, तीस हजारांहून अधिक सागरी मैल. सरासरी वेग ताशी चार सागरी मैल, म्हणजे साडेसात किलोमीटरही नाही. या वेगाने आळंदी ते पंढरपूर अंतर काटायला दीड दिवस लागेल. फक्त विसावा, रिंगण, मुक्काम काही नाही. रात्रीही चालणं सुरूच.

नवांपैकी परत आला तो एकटाच. ॲलेक्स कारोझ्झो, बिल किंग, फूजरों, रिजवे, ब्लाइथ यांनी आधीच सोडून दिलं. बर्नार्ड मुआतेसिए हा फ्रेंच बहुधा सर्वांत जलद ठरला असता, पण त्याला परत यायची इच्छाच उरली नाही. तो तसाच पुढे ताहितीला गेला. नायजेल टेटलीची तीन पोटांची होडी अटलांटिकमध्ये बुडाली, तो वाचला. डोनल्ड क्रोहर्स्ट खोटी ठिकाणं कळवत राहिला आणि शेवटी त्याची रिकामी होडी सापडली. नॉक्स-जॉन्स्टनने पाच हजार पौंडांचं बक्षीस क्रोहर्स्टच्या कुटुंबाला दिलं. नवी होडी घ्यायला त्याला पैसे हवे होते, हे आठवलं की त्या देण्याचं वजन कळतं.

भारतीयांची पहिली पृथ्वीप्रदक्षिणाही जुन्या होडीतूनच झाली. लष्कराच्या इंजिनिअर्स कोअरमधल्या अधिकाऱ्यांनी इंग्लंडात स्वान बनावटीची सदतीस फुटी वापरलेली होडी घेतली, तिचं नाव ‘तृष्णा’ ठेवलं. 1985मध्ये निघून जानेवारी 1987मध्ये ती मुंबईला परतली. पण ते पथक होतं, वाटेत बंदरं घेत गेलेलं. एकट्या भारतीयाने जायचं बाकी होतं, आणि आवटींच्या डोक्यात तेच घोळत होतं.

त्यांना दिलीप दोंदे मिळाले. आरमारातले पाणबुडे अधिकारी, शिडाच्या होडीचा पूर्वानुभव बेताचा. दोंदे तयारीसाठी इंग्लंडला जाऊन ज्याच्या हाताखाली राहिले तो माणूस होता नॉक्स-जॉन्स्टन, साठी उलटूनही पुन्हा जगाभोवतीच्या एकल शर्यतीत उतरलेला. आरमाराने जुनी होडी बाहेरून आणण्याऐवजी नवी देशातच बांधायचं ठरवलं. काम गेलं गोव्यात, मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात. ते मुख्यतः फायबरच्या छोट्या होड्या करत. व्हान द स्टाट या डच संस्थेचा छप्पन्न फुटी आराखडा, देवदाराच्या पट्ट्या चिकटवून केलेलं अंग, त्यावर फायबर आणि इपॉक्सी. फेब्रुवारी 2009मध्ये ‘म्हादेई’ आरमारात दाखल झाली. नाव नदीचं.

दोंदे 19 ऑगस्ट 2009 रोजी मुंबईहून निघाले, चार बंदरं घेत 19 मे 2010 रोजी परत आले. पुढच्या फेरीला अभिलाष टॉमी तीच, आता जुनी झालेली होडी घेऊन नोव्हेंबर 2012मध्ये निघाले आणि 151 दिवसांत कुठेही न थांबता परतले. ‘म्हादेई’ने पुढच्या काही वर्षांत एक लाख सागरी मैलांहून अधिक पल्ला गाठला. जाहिरातीत असा आकडा आला तर गिऱ्हाईक बिचकेल. जाणता मात्र विचारील, एवढ्या मैलांत मोडलं काय आणि दुरुस्त कसं केलं?

म्हादेईची धाकटी बहीण ‘तारिणी’ त्याच दिवाडीच्या कारखान्यातून 2017मध्ये बाहेर पडली. सहा आरमारी स्त्री अधिकाऱ्यांनी वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली 254 दिवसांत तिच्यातून फेरी केली. अखेरच्या टप्प्यात सुकाणूने दगा दिला म्हणून मॉरिशसला ठरलेलं नसताना थांबावं लागलं. ही बाब सत्कारांच्या बातम्यांत कोपऱ्यात गेली, पण होडी समजून घ्यायची तर तीच आधी वाचायला हवी.

आणि ‘सुहैली’? 2018मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीची पन्नाशी साजरी करायला पुन्हा तीच शर्यत भरवली गेली. अटी गमतीच्या: होडी बत्तीस ते छत्तीस फुटांची, आराखडा 1988च्या आधीचा, पठाण सलग, सुकाणू त्याला जोडलेलं, दिशा शोधायला तारे आणि कागदी नकाशे. पन्नास वर्षांपूर्वी जे नाकारलं गेलं, तेच आता नियमात बसलं. कुणाच्या तरी अंगणात ताडपत्रीखाली पडलेल्या जुन्या होड्यांना मागणी आली.

टॉमी यांच्यासाठी दांडेकरांनी दिवाडीला ‘सुहैली’ची प्रतिकृती बांधली, ‘तुरीया’. 21 सप्टेंबर 2018 रोजी दक्षिण हिंदी महासागरात वादळाने तिच्या दोन्ही डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीचा कणा जबर दुखावला. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्ती जहाजाने त्यांना उचललं. ‘तुरीया’ तिथेच राहिली. चांगला घाट असला म्हणजे वादळ टळतं असं नाही, हे इथे नोंदवलेलं बरं. कण्यात धातूच्या सळ्या बसवून टॉमी चार वर्षांनी पुन्हा त्याच शर्यतीला उभे राहिले. या वेळी हाताशी होती ‘बायानात’, रस्लर 36 या जुन्या इंग्रजी आराखड्याची वापरलेली होडी. वाऱ्यावरचं सुकाणू मोडलं तेव्हा त्यांनी संडासाच्या दाराची फळी कापून त्याचं वल्हं केलं. तांब्याच्या पट्टीची ही चुलत बहीण. 29 एप्रिल 2023 रोजी ते दुसरे आले. पहिली आली दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर, ‘मिनेहाहा’ नावाची, तीही जुनी घेऊन डागडुजी केलेली होडी घेऊन.

मूळची ‘सुहैली’ नॉक्स-जॉन्स्टनने विकली नाही. 1997मध्ये तिला ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ठेवलं गेलं. छप्पर, काच, ठरावीक तापमान, कोरडी हवा, वरून प्रकाश. काही वर्षांत मुंबईच्या फळ्या आकसू लागल्या आणि सांधे उघडे पडले. फळ्यांचं हे आकसणं महासागरात झालं नव्हतं, ते संग्रहालयात झालं. 2002मध्ये मालकाने तिला तिथून बाहेर काढलं आणि वर्षानुवर्षं स्वतः खपून गंजलेले लोखंडी बोल्ट काढले, नवे घातले, सांधे भरले. लाकडी होडी अशी कोरडी पडली की पाण्यात सोडल्यावर सुरुवातीला चाळणीसारखी गळते. मग फळ्या पाणी पिऊन फुगतात, एकमेकींना भिडतात आणि गळती हळूहळू थांबते. तोवर पंप चालू ठेवायचा आणि वाट बघायची. 14 जून 2018 रोजी, निघाल्याला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, ‘सुहैली’ फॅलमथच्या बंदरात शिडं उभारून फिरत होती. सुकाणूवर तोच मालक, वय एकोणऐंशी.